बाबांची पद्मिनी: उभी करायची की भंगारात द्यायची?

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी द्राक्षबागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सोळा-सतरा वर्षं उभी आहे. वडील गेल्या वर्षी गेले. फोटो बघून एक मेकॅनिक म्हणाला, "दीड लाखात चालू करून देतो." दुसरा म्हणाला, "ताई, कशाला नादी लागता, भंगारात द्या." भंगारवाला तर दोनदा येऊन दारात उभा राहिला. ताई विचारतात, यातलं खरं कोणाचं मानू?

ताई, सध्या कोणाचंच मानू नका. दोघांपैकी एकानेही गाडीखाली डोकं घातलेलं नाही, आणि फोटोवरून जुन्या गाडीचा हिशेब सांगणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी नाशकात चौतीस वर्षं पत्र्याचं काम करतो. इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात डेंटरच्या हाताखाली पोरगा म्हणून लागलो, आता माझा स्वतःचा शेड आहे. फियाट (पद्मिनीला आम्ही फियाटच म्हणतो), अँबॅसिडर, जीप मिळून बऱ्याच गाड्या उभ्या केल्या, म्हणजे पत्र्यापासून नीट केल्या, आणि काहींच्या मालकांना समोर बसवून "नका करू" असंही सांगितलं. तुमच्या गाडीचं काय करायचं हे तुम्हाला स्वतःला बऱ्याच अंशी ठरवता येईल. कसं, ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इंजिन डोक्यातून काढून टाका. प्रत्येक जण आधी बॉनेट उघडतो आणि "इंजिन जाम आहे का?" विचारतो. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं आहे. जाम असलं तरी सुटतं, झिजलं असलं तर बोअरिंग होतं, क्रँक ग्राइंड होतो, हेड फेसिंग होतं. नाशकात ही कामं करणारी माणसं आहेत. गाडी वाचणार की नाही हे ठरतं तीन गोष्टींवर: सांगाडा, कागद, आणि गाडीतून काय काय गायब झालंय. याच क्रमाने बघायचं. पैसेही याच क्रमाने जातात.

सांगाड्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण फसगत तिथेच होते.

जीपला खाली वेगळी चेसिस असते, लोखंडी शिडीसारखी. वरची बॉडी सडली तर बोल्ट काढायचे, बॉडी उचलायची, दुसरी ठेवायची. पद्मिनीला अशी चेसिस नाही. तिचा फ्लोअर, दारांखालचे दोन्ही सिल, पिलर (छत पेलणारे खांब) आणि पुढचे साइड मेंबर (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पेट्या) हे सगळे एकत्र जोडलेले आहेत, आणि हा जोडलेला पत्रा हीच तिची चेसिस. त्यामुळे तिचा पत्रा सडला म्हणजे हाडं सडली. दार किंवा मडगार्डवरचा गंज निराळा; ते कपडे आहेत, काढता घालता येतात. गाडीला नुसता वरून रंग मारून घेतलेला असतो तेव्हा हा फरक दिसत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा अशा गाड्या माझ्याकडे दर वर्षी येतात.

जुने कपडे घाला, चांगला टॉर्च घ्या, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक लहान लोहचुंबक घ्या. चुंबकाला जुन्या धोतराचा पातळ तुकडा गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. आता दारांखालचा सिल, चाकांच्या कमानी, पुढच्या काचेच्या खालचे कोपरे आणि डिकीचा तळ यावरून तो हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे चुंबक हाताला खेचतो. पुट्टी असेल तिथे एकदम मेल्यासारखा सुटतो. अशा प्रत्येक जागी खडूने गोल करा. मग सिलच्या खालच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भदभद वाजतो, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. भदभद वाजला तिथे टोक टेकवून अंगठ्याने दाबा. ठोकू नका, फक्त दाबा. टोक आत गेलं आणि तांबूस भुसा खाली पडला, की समजा तो सिल संपला.

सिल बाहेरून चांगला दिसतो, कारण तो आतून सडतो. ती बंद पेटी आहे. तिच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, शेताच्या रस्त्यावरच्या चिखलाने ती बुजतात आणि पाणी आतच राहतं. फ्लोअरचंही तसंच. रबरी मॅटखाली तागाचा थर असतो, तो एकदा ओला झाला की महिनोन्महिने वाळत नाही. मॅट पूर्ण उचलून बघा, नुसता कोपरा उचलून चालणार नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल मला जी खरी काळजी आहे ती सांगतो. नाशिक शहराची हवा कोरडी. कोकणातून किंवा इगतपुरीकडून आलेल्या गाडीच्या मानाने इथली गाडी बरी निघते. पण तुमची गाडी बागेच्या शेडमध्ये आहे. त्या शेडमध्ये खतं होती का? पोटॅशच्या गोण्या कधी गाडीत किंवा गाडीला टेकून ठेवल्या होत्या का? आणि फवारणीचा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट?

दहा-बारा वर्षांपूर्वी निफाडकडची एक फियाट माझ्याकडे आली होती. बाहेरून इतकी छान की मी मनात काम निम्मं धरलं. डिकीतली मॅट उचलली तर तळाला तांब्याच्या भांड्यासारखी चमक. मालक म्हणाले, "तांब्याचा पत्रा लावलाय की काय कोणी?" कोणी लावला नव्हता. त्यांचे वडील फवारणीचा मोरचूद याच डिकीतून बागेत न्यायचे. पिशवी फाटली, डिकीतल्या ओलाव्यात मोरचूद विरघळला, आणि त्या पाण्यातलं तांबं पत्र्यावर बसत गेलं, तितकंच लोखंड विरघळून गेलं. मी बोटाने नुसतं दाबलं, तर ती तांबडी साय कडकडत फाटली आणि खालची जमीन दिसली. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तिथपर्यंत ते पोचलं होतं. पोटॅशही असाच घात करतो. ते क्षारच आहे, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पत्रा कायम ओला ठेवतं. म्हणून ताई, तुमच्या गाडीची डिकी आणि मागच्या सीटखालचा भाग सगळ्यात आधी बघा. तिथे निळे-हिरवे डाग किंवा तांबूस चमक दिसली तर मला फोटो काढून पाठवा, पण त्यावर हात फिरवू नका.

यापुढची तपासणी दोन माणसं लागणारी आहे. गाडी सपाट फरशीवर हवी. चारही दारं बंद करून फटी बघा, वर आणि खाली सारख्या आहेत का. मग पुढचं दार उघडं ठेवून पुढच्या चाकामागे मजबूत जागेखाली जॅक लावा आणि चाक जेमतेम सुटेल इतकं उचला. जॅकखाली लाकडाची जाड फळी घाला, आणि गाडी जॅकवर असताना कोणीही खाली जायचं नाही. आता ते दार हळू लावून बघा. दार पहिल्यासारखं बसलं तर सांगाड्यात जीव आहे. दाराचं कुलूप खाच सोडून वर किंवा खाली लागायला लागलं तर गाडी मधे वाकतेय. जॅक वर जातोय आणि चाक उठतच नाहीये असं दिसलं, तर जॅक पत्र्यात घुसतोय, तिथेच थांबा.

शेवटची परीक्षा ओळंब्याची. माझ्या उस्तादांनी मला ही पहिल्या वर्षीच शिकवली आणि अजून मी प्रत्येक गाडीला करतो. गाडीखालच्या डाव्या-उजव्या सारख्या जागा निवडायच्या: पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट, मागच्या पाट्यांचे हँगर. प्रत्येकावरून गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि तो फरशीवर टेकेल तिथे खडूची फुली मारायची. गाडी ढकलून बाजूला घ्यायची. आता फरशीवर चार फुल्या आहेत. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत टेप लावा, मग उलट कर्ण मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. पंधरा-वीस निघाला तर गाडी कधीतरी मोठी आपटलेली आहे आणि ते अंग कोणी सरळ केलेलं नाही. घर बांधताना गवंडी कर्ण मिळवतो ना, तेच हे.

यावरून मी असा निवाडा करतो. फ्लोअरला भोकं, मडगार्ड चाळणी, दारांचे तळ गेलेले, अशी गाडी मी बिनधास्त घेतो. वीस गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आणायचा, कापायचा, वाकवायचा, सीओटू वेल्डिंगने बसवायचा. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा हवा तसा वाकवून देणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, हे नाशिकचं भाग्यच आहे. दोन्ही सिल गेले असतील तर काम मोठं आहे, पण होतं. मात्र एका वेळी एकच सिल कापायचा आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्ड करायचा, नाहीतर गाडी जागेवरच दुमडते. हा अँगल न लावता कोणी सिल कापायला घेतला तर त्याचा हात धरा. पण सिल, पुढचे साइड मेंबर आणि मागचे हँगर ही तिन्ही अंगं एकाच वेळी सडली असतील, किंवा ओळंबा जुळत नसेल, तर मी नको म्हणतो. तेव्हा नवं अंग जोडायला जुनं घट्ट अंगच उरलेलं नसतं.

हे मी शिकलो तेव्हा दुसऱ्याचे पैसे गेले, आणि ते अजून मनात टोचतं. स्वतःचा शेड टाकून दोनच वर्षं झाली होती. एका निवृत्त गुरुजींची फियाट आली. त्यांना मुलीच्या लग्नात तिच्यातून पाठवणी करायची होती. मी आधी इंजिन काम करून घेतलं, मग रंग. सगळं झाल्यावर दार बसवताना बिजागरीचा बोल्ट आवळला आणि पिलरचा पत्रा बोल्टसकट बाहेर आला. आत पुट्टी आणि वर्तमानपत्राचे बोळे भरलेले होते, कोणी कधी भरले देव जाणे. मी आधी चुंबक फिरवला असता तर गुरुजींचे इंजिनाचे पैसे वाचले असते. पाठवणी भाड्याच्या गाडीतून झाली. त्या दिवसापासून माझ्याकडे कोणत्याही गाडीचं इंजिन पत्र्याच्या आधी उघडत नाही.

आता गायब भागांचं. सडलेल्यापेक्षा अर्धवट गाडी जास्त महाग पडते. पत्रा घडवता येतो. पुढची काच, मीटरचा डबा, स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा, दारांच्या मुठी, बंपर, दिव्यांच्या कड्या घडवता येत नाहीत, शोधाव्या लागतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी चालत होत्या तोवर पद्मिनीचा खिळा न् खिळा मिळायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि हा माल आटत चालला आहे. अजूनही मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारात फेरी मारली तर काही ना काही हाती लागतं, पण एका मीटरसाठी मी तीन फेऱ्या मारलेल्या आहेत. म्हणून शेडमध्ये पडलेली गंजकी कडी, तुटकी मूठ, काचेचं जुनं रबर, काहीही फेकू नका. जुनं रबर नव्याच्या मापाला लागतं. भंगारवाल्याला 'नुसती बॅटरी आणि कार्ब्युरेटर घेऊन जा' असंही म्हणू नका.

इंजिनाबद्दल थोडक्यात. बॅटरी लावून स्टार्टर मारून बघायचा मोह होईल, तो आवरा. प्लग काढा, चारही भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण थोडं थोडं सोडा, आठवडाभर मुरू द्या, मग हँडलने हाताने फिरवून बघा. जुनी टाकी आणि तिच्यातलं पेट्रोल दोन्ही बाद समजा. ब्रेकचे सगळे सिलिंडर, होस, रबरं नवीन धरा, त्यात काटकसर नको. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या पाइपांना आणि कार्ब्युरेटरच्या रबरांना ते सोसत नाही. तेव्हा पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका. इथेनॉल पाणी धरतं.

कागदांकडे लोक शेवटी वळतात, तुम्ही आधी वळा. आरसी बुक सापडलं का? त्यावरचा चेसिस नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, आकडे उमटतात, आरटीओतही असाच ठसा लागतो. गंजाने आकडा खाल्ला असेल तर वायरब्रश मारू नका, रॉकेलच्या फडक्याने हलकं पुसा. गाडी बाबांच्या नावावर आहे, म्हणजे वारस म्हणून फॉर्म ३१ भरून नाव बदलावं लागेल, भावंडांची लेखी संमती लागेल. मग फॉर्म २५ ने नोंदणीचं नूतनीकरण. याची फी एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारींसाठी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी १०,०००. त्यावर उशिराचे महिन्याला ५०० रुपये आणि पर्यावरण कर वेगळा. तुमच्या बाबतीत उशिराचे महिने किती धरणार हे आरटीओत जाऊन आधी विचारा, कारण हा आकडा मोठा होऊ शकतो. तीन अक्षरी जुन्या नंबराच्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकावर नसते, ती चढवून घ्यायलाही वेळ जातो.

यात तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. तुमची गाडी १९७८ ला नोंदली असेल तर २०२८ मध्ये तिथे पोचते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आणि मूळ रूप हा शब्द नीट लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला "मारुतीचं इंजिन टाकून देतो, झकास पळेल" म्हणेल. नाही म्हणा. चौकट कापली, इंजिन बदललं की ती वाट बंद होते, आणि बाबांची गाडीही बाबांची राहत नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो. दीड लाखात 'चालू' होईल, 'उभी' होणार नाही. माझ्या वहीत बघितलं तर पत्रा आणि रंगाचा खर्च इंजिनाच्या तिप्पट निघतो, आणि सुरुवातीच्या अंदाजावर निम्मी रक्कम आणखी लागते. विकून हा पैसा परत येईल असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरात एखादं माणूस असं आहे का जे दर पंधरा दिवसांनी ती बाहेर काढेल, हाताने पुसेल? असेल तर खर्च करा. नुसतं अंगणात ठेवायला नवी रंगवलेली गाडी तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगते. ते मला बघवत नाही. आणि ज्यांची मारुती ८०० अशी पडून आहे त्यांनाही हेच लागू, फक्त तिचा पत्रा पातळ आणि भाग अजून सहज मिळणारे.

तपासून नकार आलाच, तर गाडी दारातून तशीच देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओतून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाईल आणि कागदावर बाबांचं नाव लटकत राहील. स्टिअरिंग आणि मीटर मात्र आधी काढून घरी ठेवा.

गाडी माझ्याकडे आणायची ठरली तर दोरी बांधून ओढत आणू नका, ब्रेक चिकटलेले असणार. सपाट ट्रकवर चढवा, पट्टे एक्सलला बांधा, बंपरला नाही. वाळू मारून गंज काढून देतो असं कोणी सुचवलं तर बॉनेट आणि दारं त्याच्या हाती देऊ नका. एका ठिकाणी माझं बॉनेट असं लाटेसारखं झालं, ते परत सरळ झालं नाही.

आधी डिकी बघा, मग कागद. आणि चाव्या शोधा ताई. बाबांच्या जुन्या कपाटात, पंपाच्या खोलीतल्या खिळ्यावर, कुठेतरी असतील. मिळेपर्यंत कोणालाही कुलूप फोडू देऊ नका.